विंचवाचा घाम

कोल्हापुरात मिरजकर तिकटीवरून खासबागेकडे जाताना मंगळवार पेठेत अजून काही घरे जुन्या अंगाची उरली आहेत. हातभर रुंद मातीच्या भिंती, वर कौले, परड्यात रचलेले जळण आणि त्याच्याखाली कायमची ओल. अशाच एका घरात माझे बालपण गेले. वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की आजी देवळीतली चिंचोक्यांची पुरचुंडी काढून चुलीजवळ ठेवायची. विंचू निघायचे दिवस आले, एवढाच त्याचा अर्थ. कुणाला नांगी बसली की चिंचोका सहाणेवर खसाखसा घासायचा आणि तापला की डंखावर टेकवायचा. तो कातडीला चिकटून बसे आणि काही वेळाने आपोआप गळून पडे. विष पिऊन पोट भरले की पडतो, असे आजी सांगायची. मग तिचा एकच प्रश्न असे, "कळ कुठवर चढलीया?" घोट्यापर्यंत म्हटले तर दुसरा चिंचोका. मांडीपर्यंत म्हटले तर गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, विंचू उतरवणाऱ्या म्हाताऱ्याला हाक. तो लिंबाचा डहाळा घेऊन मांडीपासून खाली झाडत यायचा आणि मधूनमधून विचारायचा, "आता कुठं आली?" कळ उतरत उतरत अंगठ्यात आली की विंचू उतरला. उपचाराचे सगळे माप कळीचे होते. हे माप कुठून आले, ते किती फसवे होते आणि शेवटी कुणी मोडीत काढले, हे पाहायचे तर आपल्याला पेठेतून निघून बरेच मागे जावे लागेल.

थेट सुश्रुतापर्यंतच जाऊ. सुश्रुतसंहितेतले कल्पस्थान म्हणजे विषांचा विभाग, आणि त्याचा शेवटचा, आठवा अध्याय म्हणजे कीटकल्प. आजच्या प्राणिशास्त्राला विंचू कीटक म्हणून मान्य नाही. कीटकाला पाय सहा, विंचवाला आठ. त्याचे सोयरे कोळी आणि गोचिडी. सुश्रुताला या हिशेबाशी कर्तव्य नव्हते. डसणारे, चावणारे, अंगावर फोड उठवणारे जे जे बारके जीव, ते सगळे त्याने एका टोपलीत घातले: सहा जातींच्या माश्या, सहा जातींच्या मुंग्या, पाच जातींचे डास, गोमी, कोळी आणि विंचू. विंचवांच्या जाती त्याने तीस मोजल्या आणि त्यांच्या तीन पायऱ्या लावल्या. शेणात जन्मणारे मंदविष, लाकडात आणि विटांत जन्मणारे मध्यमविष, आणि कुजलेल्या सापाच्या देहातून उपजणारे महाविष. जन्माची ही कथा आपण हसून सोडून देऊ, पण पायऱ्या सोडू नयेत. सगळे विंचू सारखे नसतात, बहुतेक नुसते दुखवतात आणि थोडे जीव घेतात, ही त्या वर्गीकरणातली गोष्ट सोळा आणे खरी आहे. महाविष विंचवाने डसलेला माणूस झपाट्याने प्राणाला मुकतो, असे त्याने स्पष्ट लिहिले. विंचवाचे विष आगीसारखे जाळत आधी वर चढते आणि मग डंखाच्या जागी येऊन ठाण मांडते, हे वर्णनही आयुर्वेदाच्या या जुन्या ग्रंथांतलेच. गल्लीतल्या म्हाताऱ्याचा डहाळा वरून खाली का फिरत होता, याचे उत्तर त्यात आहे. त्याने ग्रंथ वाचला नव्हता. ग्रंथानेच बहुधा त्याच्यासारख्यांचे ऐकले असावे.

तिथून आपण सोळाव्या शतकात पैठणला येऊ. एकनाथांचे (१५३३–१५९९) विंचवाचे भारूड महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? तिथला विंचू काम-क्रोधाचा, उतारा सत्त्वगुणाचा. रूपक आपल्या परिचयाचे असल्यामुळे एका तपशिलावरून आपले कान नेहमी घसरतात. विंचू चावल्याबरोबर त्या भारुडातल्या माणसाच्या अंगाला घाम सुटतो. नाथांनी तो तमोगुणाचा घाम केला, पण रूपकासाठी त्यांनी उचललेले लक्षण मात्र घरोघरी पाहिलेले असणार. सोंग काढणारा भारुडी रंगमंचावर लोळतो, विव्हळतो, प्रेक्षक पोट धरून हसतात. घामाकडे कुणी बघत नाही. पुढे जवळजवळ चारशे वर्षे दवाखान्यातही तेच घडले. त्याच भारुडात इंगळीही येते. इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू, जाडजूड नांग्यांचा, पाहताच धडकी भरवणारा. आमच्या पेठेत इंगळी निघाली की पोरांची जत्रा जमायची आणि लहानखुरा तांबूस विंचू निघाला तर नुसती चप्पल पडायची. भीतीचे माप आकाराचे होते, आणि तेही चुकलेले. आपल्याकडे जीव घेतो तो हाच तांबडा, बोटाएवढा, बारीक चिमट्यांचा आणि जाड शेपटीचा.

या तांबड्या विंचवाला शास्त्रीय नाव मिळाले १७९८ साली. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस याने त्याला 'टॅम्युलस' म्हटले, म्हणजे तमिळ देशीचा. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांत आणि देशावरच्या पेंढ्यांच्या गंजीत सुखाने नांदणारा हा प्राणी तेव्हापासून तमिळ आडनावाने वावरतो आहे. कुळाचे नाव मात्र बदलत राहिले. आधी ब्युथस, मग मेसोब्युथस, आता हॉटेंटोटा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते त्याच्या नावालाही लागू पडते. (ती म्हण प्राणिशास्त्राला धरूनच आहे. विंचवीण पिल्ले जन्माला घालते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती तिच्या पाठीवरच असतात.) नाव मिळाले तरी विषाची चौकशी व्हायला शतकाहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या हाफकिन संस्थेतले औषधशास्त्रज्ञ आणि जेझुइट धर्मगुरू जे. एफ. कायस आणि डॉ. कृ. श्री. म्हसकर या जोडीने १९३१ साली सर्पदंशावरच्या देशी वनस्पतींची झडती घेतली, शेकडो मुळ्या आणि पाने तपासली आणि एकही विषाला पुरी पडत नाही असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, त्यांचा भारतीय विंचवांवरचा शंभर पानांचा निबंध आला. आज ही दोन्ही नावे विस्मृतीत गेली आहेत. त्यांच्या निकालाने विंचवावर लावल्या जाणाऱ्या आघाड्याच्या मुळीचा आणि चिंचोक्याचा मान पेठेत तसूभरही कमी झाला नाही, हे वेगळे सांगायला नको. त्याचे कारणही साधे आहे. शंभरातले बहुतेक डंख नुसते दुखून थांबतात. मग त्या दिवशी जे काही लावले असेल, ते औषध ठरते.

इथे आपल्याला एक वळसा घ्यावा लागतो, कारण नांगीच्या गोष्टीचा दुसरा प्रवाह विंचवाकडून नाही, गांधीलमाशीकडून आला. गांधीलमाशी किंवा मधमाशी एकदाच डसते आणि धडधाकट माणूस काही मिनिटांत कोसळतो, हे जगभर लोकांनी पाहिले होते. इजिप्तचा पहिला राजा मेनेस गांधीलमाशीच्या डंखाने मेला अशी कथा वैद्यकाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापली गेली. ती वॅडेल नावाच्या गृहस्थाने १९३० साली एका कोरीव चित्रलिपीच्या केलेल्या वाचनावर उभी आहे आणि ते वाचन अभ्यासकांनी मानलेले नाही. तरी कथा मरत नाही. खरा उलगडा समुद्रावर सुरू झाला. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजपुत्र आल्बर्ट याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ दाहक सागरी जीवांच्या विषावर काम करत होते. परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष अगदी थोड्या मात्रेत कुत्र्यांना टोचले. हेतू असा की देवीच्या लशीसारखी त्यांना सवय व्हावी. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला तीन आठवड्यांनी तेवढेच विष पुन्हा दिले, तर तो अर्ध्या तासाच्या आत मेला. रक्षण व्हायच्या ऐवजी शरीर उलटून उठले होते. त्यांनी १९०२ मध्ये या प्रकाराला 'अॅनाफिलॅक्सिस' हे नाव दिले आणि १९१३ चे नोबेल रिशे यांना मिळाले. गांधीलमाशीचा मारेकरी असा सापडला. त्या थेंबभर विषाला माणूस मारण्याची ताकद नसते. शरीराचे उलटणेच मारते. रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब कोसळतो, घसा सुजून श्वास अडतो. क्वचित हीच उलथापालथ हृदयाच्या रोहिण्या आवळून हृदयविकाराचा झटका आणते. त्याचे वर्णन निकोलस कुनिस या ग्रीक हृदयतज्ज्ञाने १९९१ मध्ये केले. आणि आग्या मोहोळ उठून शेकडो डंख एकदम बसले तर न्याय वेगळा. तिथे विषाची मात्राच मारक होते, स्नायू वितळतात आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडात बसून लघवी बंद पडते.

या उलटण्यावरचा उतारा सापडला होता तो योगायोगाने त्याच सुमारास. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क रक्तदाब झपाट्याने चढवतो, हे १८९४ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी दाखवले होते. १९०१ पर्यंत जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहायक उएनाकाने त्यातले सत्त्व स्फटिकरूपात वेगळे केले. तेच अॅड्रेनॅलिन. सैल पडलेल्या वाहिन्या आवळणारे, श्वासनलिका मोकळ्या करणारे. गांधीलमाशीने कोसळलेल्या माणसाला आजही मांडीत टोचतात ते हेच. मधमाशीच्या बाबतीत दुसरीही एक मौज झाली. डंखाचे वावडे घालवण्यासाठी अख्ख्या माशा वाटून केलेला अर्क टोचण्याची रीत पश्चिमेत अर्धे शतक चालली. मेरी लव्हलेस या अमेरिकन डॉक्टरीणबाई १९५६ पासून सांगत होत्या की माशी वाटू नका, नुसते विष वापरा. ऐकले कुणी नाही. १९७८ साली नीट तुलना झाली, तेव्हा तो अर्क साध्या पाण्याइतकाच गुणकारी निघाला. आजीच्या चिंचोक्याला हसणाऱ्यांनी हा प्रसंग जवळ बाळगावा.

आता विंचवाकडे परतू. नांगी म्हणजे नांगी, विष म्हणजे विष, मग उतारा एकच असणार, अशी समजूत वैद्यकातही रेंगाळत होती. कैरोत चार्ल्स टॉड याने १९०९ मध्ये घोड्याच्या रक्तातून विंचवावरचे प्रतिविष केले होते. ते इजिप्तच्या विंचवांवरचे. आपल्याकडे तांबड्या विंचवाने डसलेले मूल बैलगाडीतून किंवा डोलीतून दवाखान्यात यायचे तेव्हा त्याच्या छातीत घरघर लागलेली असायची आणि तोंडातून गुलाबी फेस. आमच्या कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते त्या काळापासून तालुक्याच्या छोट्या दवाखान्यांपर्यंत असा रुग्ण बहुधा शेवटच्या घटकेला पोहोचे. त्या फेसाचे नाव फुप्फुसात पाणी होणे. विंचवाच्या डंखानंतर हे घडते, अशी नोंद डॉ. पी. एम. मुंडले यांनी १९६१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये केली. पुढे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इस्रायलमध्ये बीरशेबाच्या डॉ. मोशे गेरोन यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची हृदये तपासली आणि लघवीतले अॅड्रेनॅलिन-कुळातले पदार्थ मोजले. ते भलतेच वाढलेले निघाले. धागा हातात आला होता. पण खाटेशी उपचार चालू होता तो जुनाच: कुणी अॅट्रोपीन देई, कुणी स्टेरॉइड, कुणी झोप आणणाऱ्या औषधांचे मिश्रण. मुले मरत राहिली.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला. डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर. (त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'बॅरिस्टरचं कार्टं'.) कोकणातला हा पट्टा भाताचा आणि जांभ्याचा, पेंढा उचलताना, गडग्याचा दगड सरकवताना, अंधारात चप्पल घालताना नांगी बसायची. बावस्करांनी केले ते ऐकायला फार साधे आहे. ते खाटेशी बसून राहिले. तासातासाला नाडी, दाब, हातापायांचा गारठा, घाम, उलट्या लिहीत गेले. हळूहळू एक उफराटी गोष्ट दिसू लागली. जो रुग्ण कळीने घर डोक्यावर घेतो, तो सकाळी चालत घरी जातो. ज्याला दुखत फारसे नाही, पण उलटी झाली, अंग घामाने निथळते आहे, हातपाय बर्फासारखे गार आहेत, मुलग्याचे लिंग ताठरलेले आहे, तो काही तासांत फेस काढणार. आजीचे, म्हाताऱ्याचे, ग्रंथांचे सगळे माप इथे उलटे झाले. घाम हाच निरोप होता आणि कळ ही जवळजवळ शुभवार्ता. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने हृदयावरच्या संकटाची ही आगाऊ लक्षणे छापली. पैठणच्या भारुडातला घाम त्या पानावर इंग्रजीत उतरला, असे मला नेहमी वाटते. बावस्करांना तसे वाटले असेल असा दावा नाही.

हा घाम येतो कुठून? तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंच्या सोडियमच्या दारांना धरते आणि ती वेळेवर मिटू देत नाही. त्यामुळे तंतू एकदा पेटला की पेटतच राहतो. शरीराचे आपसूक चालणारे सारे कारभार एकदम सुटतात: आधी उलट्या, लाळ, घाम, मग स्वतःच्याच अॅड्रेनॅलिनचे वादळ. हातापायांच्या वाहिन्या आवळल्या जातात, म्हणून गारठा. दाब चढतो, हृदय त्या आवळलेल्या वाटांवर रक्त ढकलून थकते आणि मागे फुप्फुसात पाणी भरते. म्हणजे गांधीलमाशीच्या डंखात जे तारते, तेच विंचवाच्या डंखात मारते. ताकामिनेचे तेच स्फटिक, दोन नांग्या, दोन उलट निकाल. एकच उतारा शोधणारे इथेच हुकले होते. या रुग्णाला दाब चढवणारे काही द्यायचे नव्हते. अॅड्रेनॅलिनची वाट अडवायची होती. ही वाट कोणती, हे १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने दाखवून ठेवले होते. अॅड्रेनॅलिनला पेशींवर दोन तऱ्हेची कुलपे असतात, अल्फा आणि बीटा, आणि वाहिन्या आवळते ते अल्फा. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइडची सलाईन वापरून पाहिली. माणसे वाचली, पण मिनिटामिनिटाला दाब मोजत बसावे लागे; खेड्यातल्या केंद्रात ते परवडणारे नव्हते. मग ते अल्फाचे कुलूप बंद करणाऱ्या प्रॅझोसिन या गोळीकडे वळले. सत्तरच्या दशकात बाजारात आलेली, रक्तदाबावरची, स्वस्त आणि पोटात घ्यायची गोळी. मुलांना वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, रुग्ण आडवाच ठेवून, कारण उभे केले तर दाब झरकन उतरतो. १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये ते मांडले. गंभीर रुग्णांतले तीस-चाळीस टक्के मृत्यू काही वर्षांत एक-दोन टक्क्यांवर आले. या उपचारातली मला सर्वांत आवडणारी नोंद अशी: वादळ ओसरले, हातपाय उबदार झाले, की मुलाचा डंख दुखायला लागतो. रात्रभर गप्प पडलेले पोर पहाटे अंगठा धरून रडू लागते. आई घाबरते आणि डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकतात.

पुढची पायरी हाफकिनच्या प्रतिविषाची. म्हसकर आणि कायस यांच्या मुंबईतच तांबड्या विंचवावरचे प्रतिविष तयार होऊ लागले होते. ते प्रॅझोसिनला जोडून द्यावे का, हा प्रश्न महाडलाच सोडवला गेला. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकून ३५-३५ चे दोन गट. एकाला नुसती गोळी, दुसऱ्याला गोळी आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. २०११ च्या जानेवारीत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हे छापले, म्हणजे मुंडल्यांच्या नोंदीनंतर पन्नास वर्षांनी, त्याच नियतकालिकाने. दरम्यान त्या विषाचा एक कण भलत्याच वाटेने जगभर पोहोचला होता. १९९० मध्ये तांबड्या विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांची एक साखळी वेगळी झाली. पेशीची पोटॅशियमची दारे नेमकी बंद करणारी. तिचे नाव इबेरिओटॉक्सिन. अनेक प्रयोगशाळांत ती आज हत्यारासारखी वापरतात. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

पेठेतल्या माझ्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. परडे गेले, जळण गेले, विंचू दिसत नाहीत. खेड्यांत ते आहेतच, ऊसतोड आणि भातकापणीच्या दिवसांत तर हमखास. गेल्या पावसाळ्यात तिकटीजवळच्या एका मेडिकलमध्ये मी प्रॅझोसिन मागितली. काउंटरवरच्या पोराने रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खणातून पट्टी काढली आणि चिठ्ठी आहे का म्हणून विचारले. चिठ्ठी नव्हती, पट्टी फक्त हातात घेऊन पाहायची होती. ही विंचवावर देतात, माहीत आहे का, असे मी सहज विचारले. त्याने पट्टी उलटसुलट करून मागची बारीक अक्षरे वाचली. "नाही ओ काका, बीपीची हाय ही," तो म्हणाला आणि ती पुन्हा खणात ठेवली.